बारा मैलांची तोफ

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. तीही साधीसुधी नव्हे, युद्धाची. आणि युद्धही कुठले, तर चंद्रावरचे. ‘चंद्रावरचा वेढा’ हे माझे नाव. माझ्या पाठीला खाकी चिकटपट्टी लावली आहे आणि पाने उलटताना त्यांच्या कडांचा भुगा वाचणाऱ्याच्या मांडीवर पडतो. मला कोणी म्हातारी म्हटले तर मी मनाला लावून घेत नाही. पण न वाचताच कोणी ‘काहीच्या काही लिहिलंय’ म्हटले की माझे डोके फिरते. अहो, आधी वाचा तरी!

माझा जन्म १९६६ सालचा. मला लिहिणारे गृहस्थ एका शाळेत चित्रकला शिकवत. विमानात ते कधी बसले नव्हते. तोफ त्यांनी पाहिली होती ती किल्ल्यावर गंजत पडलेली. तरी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत खिडकीशी बसून या माणसाने सन २००५ मधले महायुद्ध लिहून काढले. तारीखसुद्धा ठरवून टाकली : ९ फेब्रुवारी २००५, सूर्योदयाची वेळ. त्या दिवशी पृथ्वीची सात लाखांची फौज चंद्राला वेढा घालते. शिपाई तांब्याची चिलखते घालून एका उडीत डोंगर ओलांडतात आणि एक गोळी खाऊन महिनाभर जेवत नाहीत. चंद्रावरच्या लोकांकडे असते बारा मैल लांबीची तोफ. एवढे सगळे माझ्या दोनशे पानांत मावले कसे, याचे मला अजून नवल वाटते.

मास्तरांचे काही अंदाज पार हुकले, हे मी लपवत नाही. माझ्यातले सेनापती अंतराळयानातून तारा करतात आणि यानातला कारकून त्यांच्या कार्बन प्रती फायलीला लावतो. मोबाइल फोन काही मास्तरांना सुचला नाही. दोनशे पानांत बाई एकच, आणि तीही दोनदा चहा आणून जाते. पण ती तोफ! तिच्या तोंडात उभे राहिले की आकाशाचा नुसता टिकलीएवढा तुकडा दिसतो, असे मास्तरांनी लिहिले आहे. ते वाक्य वाचताना माणसे थांबतात. मी स्वतः पाहिले आहे.

बरीच वर्षे मी अंबरनाथच्या एका वाचनालयात होते. कामगार मला घरी नेत, उशाशी ठेवत, परत आणून देत. पुढे ते वाचनालय बंद पडले आणि माझी रवानगी उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडे झाली. तिथे माझ्या शेजारच्या पुस्तकांची पाने एकेक करून पापडवाल्यांच्या पापडांखाली जात होती. आता माझी पाळी, असे मी धरून चालले होते. तेवढ्यात एका रविवारी मुलीच्या फ्रॉकचे कापड घ्यायला बाजारात आलेला एक माणूस ढिगापाशी वाकला, त्याने मला उचलले, कव्हरवरची तोफ पाहिली आणि तो तिथेच उभ्याउभ्या वाचू लागला. दुकानदार हसून म्हणाला, “ले जाओ भाऊ, इसका कागज इतना पुराना है, पापड भी नहीं टिकेगा.” माझा अपमान झाला खरा, पण जीव वाचला.

त्या माणसाचे नाव राजरत्न. अंबरनाथमध्ये तोफगोळ्यांची पितळी नळकांडी बनवणारा एक कारखाना होता. त्याचे नाव सांगायची मला मनाई आहे. तिथे राजरत्न तपासनीस होते. प्रत्येक नळकांड्याला माप लावायचे. मापाचे एक टोक आत गेलेच पाहिजे, दुसरे जाताच कामा नये. केसाएवढा फरक पडला तरी नग बाजूला. साहेबाने सांगितले तरी तो परत येत नसे. त्यांच्या घरात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली पुस्तकांची फळी होती. तिथे त्यांनी मला जागा दिली आणि मुलीला, प्रीतीला, बजावून सांगितले की पुस्तक जमिनीवर ठेवायचे नाही. रद्दीच्या ढिगातून आलेल्या मला त्या दिवशी अगदी भरून आले.

आता या माणसाची खोड सांगते. चुकलेला आकडा त्यांना सोसत नसे. माझ्यातली तोफ त्यांनी वाचली आणि पेन्सिल घेऊन बसले. ‘एवढ्या नळीला एवढी पातळ भिंत? फुटेल.’ असे समासात लिहिले. शेजारी तोफेचे चित्र काढले, जाडी घातली, गोळ्याचे वजन घातले. पुढच्या पानावर आणखी एक चित्र. वर्षे गेली तशी मास्तरांची तोफ राजरत्नांनी जवळजवळ नवीन बांधून दिली. मला गुदगुल्या होत, आणि मनातून फार अभिमान वाटे. कोणी इतक्या मनापासून माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

कधीकधी ते मला डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेत. कथाकादंबऱ्यांना गेटवर अडवत नसत. जेवणाच्या सुट्टीत राजरत्न मोठ्याने वाचत आणि वीस-पंचवीस माणसे भोवती बसून ऐकत. त्यात बदलापूरजवळच्या गावचे शेतकरी घरातले, लेथवर काम करणारे बबन टर्नर होते. चंद्रावर हवा नाही, मग तोफेचा आवाज होणार कसा, असे ते दर वेळी विचारत आणि त्यावर भांडणे होत. पण बारा मैलांची तोफ वळू लागली की भांडण मिटे. दिवसभर खऱ्या तोफेची नळकांडी हाताळणारी ही माणसे माझ्या खोट्या तोफेपुढे आ वासून बसत. डब्यातली भाकरी हातात तशीच राही.

असे करता करता खरोखरच सन २००५ उजाडले. राजरत्न साठ वर्षांचे झाले होते. २८ फेब्रुवारीला ते निवृत्त होणार होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक शेरा नव्हता. ९ फेब्रुवारीला, म्हणजे माझे युद्ध ज्या दिवशी पेटायचे त्याच दिवशी, त्यांनी मला मुद्दाम नेले आणि पहिले प्रकरण वाचून दाखवले. वाचून झाल्यावर सगळ्यांनी वर आभाळाकडे पाहिले. ऊन होते, एक घार फिरत होती. बबन म्हणाले, “चला, चंद्र वाचला.” सगळे खूप हसले.

संध्याकाळी सुटताना गेटवर नवा पहारेकरी होता. त्याने पिशवी उघडली, मला उघडले आणि तो थबकला. कारखान्याचा नियम कडक : आकडे घातलेला, चित्र काढलेला कागद आत आणायचा नाही, बाहेर न्यायचा नाही. आणि माझ्या प्रत्येक समासात तोफा! जाडी, व्यास, वजन, सगळे मिलिमीटरमध्ये. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. त्याची काही चूक नव्हती. इतकी वर्षे नियम पाळलेल्या राजरत्नांना आपण कागद नव्हे, पुस्तक नेतो आहोत, असेच वाटत आले होते. मला लाखेने मोहोर केलेल्या पाकिटात घालून कपाटात ठेवले, आणि राजरत्नांना चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणून सांगितले. पेन्शन, आयुष्यभराचे नाव, सगळे निवृत्तीला एकोणीस दिवस उरले असताना टांगणीला लागले.

पुढचे मला नंतर भिमाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, बोलण्यातून कळले. राजरत्न घरी बसून माझे एकेक पान आठवत होते. कुठे कुठला आकडा लिहिला, सगळे त्यांना तोंडपाठ. तिसऱ्या दिवशी त्यांचे जेवण सुटले. भिमाबाईंनी खोदून विचारले तेव्हा म्हणाले की बाकी सगळे आकडे चंद्रावरचे आहेत, पण एका पानावर हात सवयीने चालला आणि कारखान्यातल्या नळकांड्याची खरी जाडी लिहिली गेली. भिमाबाई म्हणाल्या की शेकडो आकड्यांत तो एक कोणाला सापडणार आहे. ते म्हणाले, “मला सापडला ना.” त्यांनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, “मग सांगून या. घास उतरत नाही तुमच्या घशाखाली. असं किती दिवस काढायचे?”

२४ फेब्रुवारीला चौकशी झाली. सुरक्षा अधिकारी राजेंद्रसाहेब यांनी मला आधी दोन दिवस वाचून काढले होते. नुसते चाळले नाही, वाचले. वेढ्याच्या प्रकरणात त्यांचा चहा गार झाला, हे मी डोळ्यांनी पाहिले. मी हिरव्या कापडाच्या टेबलावर होते. समोर राजरत्न इस्त्रीचा शर्ट घालून उभे. साहेबांनी विचारले, ही तोफ आहे कुठे? राजरत्न म्हणाले, चंद्रावर. कारकुनाने मान वर न करता टाइप केले : चंद्रावर. मला हसू आवरेना, पण खोलीत कोणी हसले नाही.

शेवटी साहेबांनी फाइल मिटली. सगळे काल्पनिक दिसते, नियम मोडला तो नकळत, आता हा विषय संपवू, असे ते म्हणाले. राजरत्न सुटले होते, मित्रांनो! दार उघडेच होते. नमस्कार करून निघायचे, एवढेच उरले होते.

राजरत्न हलले नाहीत. “साहेब,” ते म्हणाले, “पान एकशे बारा बघा. तिथला खालचा आकडा आपला आहे.”

माझ्या पोटात सात लाखांची फौज आहे, एका उडीत डोंगर ओलांडणारे शिपाई आहेत. पण एवढी छाती मी माझ्या एकाही शिपायात पाहिली नाही. हा बारीक अंगाचा, घाबरलेला माणूस आपल्या तेहतीस वर्षांना स्वतःच माप लावत होता, आणि स्वतःला बाजूला काढत होता. मी थक्क झाले.

साहेबांनी पान उघडले. तिजोरीतले नकाशे मागवून आकडा ताडून पाहिला. खरा निघाला. हे पान कोणाला दाखवलेत, असे त्यांनी विचारले. राजरत्न म्हणाले की वाचताना पुस्तक नेहमी आपल्याच हातात असे, कोणी पाहिले असे वाटत नाही. पण हे आपले म्हणणे झाले, साहेबांनी खात्री करून घ्यावी. साहेबांनी बबनसह सगळ्यांना एकेक करून बोलावले. पान कोणीच पाहिले नव्हते. सगळ्यांना तोफ कानांनीच ठाऊक होती.

चार वाजता निर्णय झाला. ते पान नष्ट करायचे. राजरत्नांना लेखी ताकीद, पेन्शनला धक्का नाही. म्हणजे कोऱ्या कागदावर शेरा पडला तो पडलाच, शेवटच्या आठवड्यात. राजरत्नांनी सही केली. साहेब पान फाडू लागले तेव्हा राजरत्नांनी हळूच पट्टी आणि ब्लेड मागितले. फाडले तर शिवण उसवते, जोडीचे पान गळते, म्हणाले. मग त्यांनी स्वतः ते पान कापले. सरळ, एका रेषेत, न थांबता. दुखले का विचाराल तर दुखले. पान लोखंडी ट्रेमध्ये जाळले. राजरत्न निघाले तेव्हा राजेंद्रसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मला त्यांनी स्वतः राजरत्नांच्या हाती परत दिले.

२८ तारखेला गेटवर ढोल वाजले. भिमाबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. बबन सगळ्यांत पुढे होते. ताकिदीची गोष्ट सगळ्यांना कळली होती, आणि का मिळाली तेही. हारांनी राजरत्नांचा चेहरा दिसेना, म्हणतात.

त्यानंतर ते बदलापूरला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले. मीही गेले. दोन वर्षांनी भिमाबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी होती तोवर प्रीती रोज दुपारी त्यांना काहीतरी वाचून दाखवी. एके दिवशी भिमाबाई म्हणाल्या, ज्या पुस्तकापायी एवढे घडले ते एकदा मलाही ऐकव. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चार दुपारी मी वाचली गेले. भिमाबाईंनी तांब्याच्या चिलखतांवर शंका काढल्या, चहा आणणाऱ्या बाईची बाजू घेतली. मग पान एकशे दहा आले. त्याचा शेवट असा : “तोफ डागणाऱ्याने कळीवर हात ठेवला. सात लाख शिपायांनी श्वास रोखला.”

मास्तरांनी पुढच्या पानावर तोफ उडवली होती. एका गोळ्यात अर्धी फौज राख झाली होती. पण ते पान आता नव्हते. प्रीतीने पान उलटले आणि एकशे तेरावरची पहिली ओळ वाचली : “वेढा उठला, आणि जिवंत माणसे घरी पत्रे लिहायला बसली.”

ती अडखळली. काही सांगणार इतक्यात भिमाबाईंनी सुस्कारा सोडला. “नाही उडवली होय त्यानं? बरं केलं हो. सगळे घरी गेले.”

राजरत्न दारात उभे होते. त्या पानाचे अक्षर न् अक्षर त्यांना पाठ होते. आयुष्यभर एक चुकीचा आकडा त्यांनी पुढे जाऊ दिला नव्हता. त्यांनी तोंड उघडले, प्रीतीने त्यांच्याकडे पाहिले. ते आत आले, भिमाबाईंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “हो. सगळे घरी गेले.”

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी पान गळालेले पुस्तक असेल. त्याला रद्दीत टाकण्याआधी एकदा घरातल्या कोणाजवळ बसून मोठ्याने वाचा. आणि फाटलेल्या जागी आलात की घाई करू नका, ऐकणाऱ्याला थोडा वेळ द्या.