कोरडे टोक

प्राक्सेदेस ओर्तेगाच्या द्राक्षमळ्यात एप्रिलपासून किती पाणी खर्च झाले, याचे दोन आकडे माझ्यासमोर होते. तिच्या बोअरवरचे मीटर सांगत होते, शेतावर पसरून मोजले तर १४८ मिलिमीटर. उपग्रहाच्या चित्रांवरून मी काढलेला आकडा, पाऊस वजा करून, १९६ होता. मंजुरी १५०ची. दहा टक्के सूट धरली तरी १६५. त्यापुढे गेले की ला रोदेराच्या सिंचन मंडळाचे पंच पुढच्या वर्षापुरते बोअरला सील ठोकतात. तिच्या वेली तीन वर्षांच्या होत्या. एक अख्खा उन्हाळा पाण्यावाचून काढण्याइतकी त्यांची मुळे अजून खोल गेलेली नव्हती.

पंचांची बैठक गुरुवारी होती. सोमवारी सकाळी ती माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

“लिदिया, पोरी, हा आकडा तुझा?”

“हो, मावशी.”

“तीनशे कोसांवरून बघून तू सांगतेस मी किती पाणी पाजलं. आणि मी रोज बांधावर उभी असते, त्याचं काय?”

“बांधावर उभं राहून पाहिलेलं कागदावर येत नाही. मीटरवर इथे कुणी विश्वास ठेवत नाही.”

“मी मीटरला चुंबक लावलेलं नाही. माझ्या नवऱ्यानं लावलं होतं, ते त्याच्याबरोबरच गेलं.” एवढे बोलून ती निघून गेली.

मीटरवर चुंबक ठेवून त्याचा काटा अडवायची कला आमच्याकडे बाप मुलाला शिकवतो. म्हणून तर मंडळाने उपग्रह धरला आणि मला नोकरी मिळाली. काम समजायला अवघड नाही. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी प्यायलेले शेत थंड राहते आणि कोरडे तापते. उपग्रहाला जमिनीचे तापमान दिसते. त्यावरून मातीतून आणि पानांतून मिळून किती पाणी उडाले ते काढायचे. त्यासाठी मोजपट्टीला दोन टोके लागतात. ओले टोक म्हणजे भरपूर पाणी दिलेला मका. कोरडे टोक म्हणजे जिथून काहीच उडत नाही असे शेत. बाकी सगळी शेते या दोघांच्या मधे बसवायची.

मी दुपारभर सगळे आकडे पुन्हा लावून पाहिले. मक्याचे मागच्या वर्षांशी जुळत होते. द्राक्षांचे मात्र सगळेच फुगलेले होते, त्यात प्राक्सेदेसचे सर्वांत जास्त, आणि तेही जुलैच्या मध्यानंतरच. एकटीने चोरी केली असती, तर बाकीच्यांचे आकडे का फुगावेत? दोष मोजपट्टीत होता. ओले टोक ठीक होते. उरले कोरडे.

कोरडे टोक म्हणून मी ११७ क्रमांकाचे शेत धरत होते. माझ्या आधीचा तंत्रज्ञ एवारिस्तो नऊ वर्षे तेच धरत आला होता. निवृत्त होताना त्याने मला यादी दिली आणि सांगितले, “दर हंगामात एकदा तरी पायांनी जाऊन बघ.” शेत तेवीस किलोमीटरवर होते. मी गेले नव्हते.

मंगळवारी गेले. बार्लीचे खुंट पिवळे असायला हवे होते. जमीन जळून काळी पडलेली होती. मी तापमापक टेकवला. दुपारी एक वाजता शेजारच्या साध्या पडीक रानापेक्षा ती नऊ अंशांनी जास्त तापलेली होती. टोकच इतके वर सरकल्यावर मधली सगळी शेते आहेत त्यापेक्षा थंड, म्हणजे जास्त पाणी प्यायलेली वाटणार. पाण्याने तुडुंब मक्याला फारसा फरक पडत नाही, विरळ पानांच्या द्राक्षांना पडतो, आणि तीन वर्षांच्या कोवळ्या वेलींना सर्वांत जास्त.

मग मी शेताच्या मालकाचे नाव पाहिले. प्राक्सेदेस ओर्तेगा.

ती मळ्यात होती. मी विचारले तेव्हा हातातली कात्री तिने थांबवली नाही.

“वीज पडली असेल.”

“मावशी, चारही बाजूंनी आधी नांगरून घेतलंय. वीज एवढी नेटकी पडत नाही.”

तिने आणखी एक फांदी छाटली. “माझा आजा जाळायचा, बाप जाळायचा. तणाचं बी मरतं. आता परवाना लागतो, आणि परवाना मिळत नाही. कळलं तर यंदाचं अनुदान कापतील.”

“मी टोक बदलते आहे. तुमचा आकडा उतरेल.”

“मग बदल की! अडलंय कुठं?”

“बदललं की कारण लिहावं लागतं, आणि पंचांपुढे मोठ्यानं वाचावं लागतं.”

“‘शेत योग्य नाही’ असं लिही.”

“का योग्य नाही, ते विचारतील.”

“आगाऊ शिकलेली आहेस,” ती म्हणाली. मी काय लिहिणार, ते तिने विचारले नाही. मीही सांगितले नाही.

बुधवारी मी जुलैच्या मध्यापासूनची सगळी चित्रे साध्या पडीक रानाला कोरडे टोक धरून पुन्हा मोजली. तिचा आकडा १६१ आला. सूट धरून चारच मिलिमीटरने ती आत होती. नऊ वर्षांच्या यादीवर मी न पाहता विश्वास ठेवला, हेही अहवालात लिहिले.

गुरुवारी सात पंच आणि वीस-बावीस शेतकरी जमले होते. मी वाचले: “क्रमांक ११७ जुलैमध्ये जळालेले आढळले, म्हणून बाद.”

अध्यक्ष ओनोरियोंनी चष्मा काढला. “जळालं? की जाळलं?”

“उपग्रहाला ताप दिसतो. हात दिसत नाही.”

“आम्ही तुला विचारतोय, उपग्रहाला नाही.”

नांगरलेली चौकट मी पाहिली होती. तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

“पोरीला कशाला पिळता?” प्राक्सेदेस उभी होती. “मी जाळलं. आग माझी आहे. चोरीचं पाणी माझं नाही. दोन्ही लिहून घ्या.”

“प्राक्सेदेस, स्वतःच्याच आगीनं स्वतःचा मळा बुडवत होतीस की!” कास्तो पंच म्हणाला. लोक हसले.

“बुडवत होते ना? पाणीचोर म्हणत होतात, आता मूर्ख म्हणा. मूर्खाच्या बोअरला सील लागत नाही.”

पंचांनी दोन ओळी लिहिल्या. पाण्याचा आरोप रद्द. जाळल्याची बाब प्रांताच्या कृषी कार्यालयाकडे.

पुढच्या फेरीच्या दिवशी, उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळेला, पाऊण वाजता मी नव्या पडीक रानात तापमापक घेऊन उभी होते. रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला. चाकावर प्राक्सेदेस होती, मागे रचलेल्या द्राक्षांच्या रिकाम्या पेट्यांवर कोपर टेकून बसलेली.

“आता आहे का तो वर?”

“दोन मिनिटांत येईल.”

ती इंजिन बंद करून दोन मिनिटे थांबली. मग मी आकडा वहीत उतरवला, आणि ती तोडणीला निघून गेली.