बाक आणि काचेचा पाहुणा

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव मत्सरी आहे. माझ्या जागेवर दुसरं कुणी मिरवलेलं मला खपत नाही. आत्मवृत्त सांगणाऱ्यांनी थोडं नम्र असावं म्हणतात, पण मला ते कधी जमलं नाही.

लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर मोफत कायदा सल्ला केंद्र आहे. खोलीवरून, भाड्यावरून, पोटगीवरून ज्यांचं कुणाशी वाजलंय आणि वकील करायची ज्यांची ऐपत नाही, अशी माणसं तिथे येतात. नंबर लागेपर्यंत त्यांनी बसायचं ते माझ्यावर.

माझा जन्म रे रोडच्या लाकडाच्या वखारीतला. एका मोडलेल्या गोदामाच्या तुळया तिथे विकायला आल्या होत्या. गिरगावच्या मनमोहन विजयकर वकिलांनी त्यातली सागाची एक तुळई हात फिरवून निवडली. सुताराला त्यांनी सांगितलं, की बाक लांब कर, टेकायला पाठ दे, पण मध्ये हात टेकायचे दांडे घालू नकोस, माणसांना सरकता आलं पाहिजे. सुताराने मान डोलावली आणि मी झालो.

गिरण्या बंद पडल्या तेव्हाची ती गोष्ट. केंद्रात सकाळपासून रांग लागायची. दाराशी बसलेला माणूस आत गेला, की बाकीचे सगळे एक एक जागा सरकायचे. सरकता सरकता शेजारी कोण, कुठल्या चाळीतला, कुणाशी भांडण, सगळं निघायचं. वकिलापुढे जे बोलायला जीभ रेटत नाही, ते बाया माझ्यावर बसून शेजारणीला सहज सांगून टाकत. मनमोहन वकिलांना हे पक्कं ठाऊक होतं. ते चहाचा कप घेऊन माझ्या टोकाला येऊन बसायचे आणि नुसतं ऐकायचे. मग आत बोलावल्यावर त्यांना काही विचारावंच लागायचं नाही. आल्यागेल्याला ते सांगत, की माझा खरा कारकून हा बाक आहे. हे ऐकून मी किती फुगत असेन, तुम्हीच विचार करा.

पुढे वकिलांचे गुडघे गेले. ते आठवड्यातून एकदाच यायला लागले, तेही थेट आतल्या खुर्चीवर. केंद्र त्यांची पुतणी कादंबरी बघू लागली. पोरगी हुशार, कष्टाळू आणि मनाने चांगली, पण ती माझ्यावर कधी बसली नाही. तिला वेळच नसायचा.

एक दिवस कळलं, की एक मोठी संस्था अशा केंद्रांना नवं तंत्रज्ञान घेण्यासाठी अनुदान देणार आहे. गरीब माणसाला कायद्याची मदत लवकर मिळावी हा हेतू. अर्ज करायचा आणि अर्जाबरोबर महिनाभराचा प्रयोगही करून दाखवायचा. प्रयोगासाठी संस्थेने एक टॅब उभ्या दांडीवर बसवून पाठवला. चकचकीत काच, आत रंगीत चित्रं, बाईच्या गोड आवाजात बोलणारा. आपल्या अडचणीच्या चित्रावर बोट ठेवायचं, मोबाईल नंबर घालायचा आणि घरी जायचं. पुढचं सगळं मोबाईलवर येणार. कोणत्या दिवशी यायचं, कोणते कागद आणायचे, सगळं.

त्या पाहुण्याला जागा हवी म्हणून मला खिडकीपासून उचलून मागच्या बोळात, पाण्याच्या पिंपाशेजारी टाकलं. आणि त्याआधी कादंबरीने काय केलं असेल? माझा फोटो काढला. इतक्या वर्षांत माझा पहिला फोटो. मी आपला खूश. मग तिने अर्ज मोठ्याने वाचून बघितला, तेव्हा कळलं, की त्या फोटोखाली लिहिलं होतं, 'आमच्याकडे लोकांना अजूनही अशा जुन्या बाकावर तासन्‌तास ताटकळावं लागतं.' म्हणजे केंद्राच्या दुर्दशेचा पुरावा कोण, तर मी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माणसं तरी किती लवकर फितूर होतात, मित्रांनो. काल माझ्यावर बसून डोळे पुसणारी माणसं आज त्या काचेपुढे हसत उभी होती. पोरं त्याला हात लावायला भांडत होती. माझ्यावर लोक हेल्मेट आणि ओल्या छत्र्या ठेवायला लागले. मी बोळातून रोज बघायचो आणि मनात म्हणायचो, एकदा तरी चुकू दे याचं. एकदा तरी तोंडघशी पडू दे.

अशात रखमा आली. समोरच्याच गल्लीतल्या चाळीत राहणारी, कोकणातली म्हातारी. तिचा नवरा धोंडू गिरणीत होता, तो जाऊन दोन वर्षं झाली. तिला ते उभ्या दांडीवरचं यंत्र काही कळेना, म्हणून ती बोळात येऊन माझ्यावर टेकली आणि पिंपाशी पाणी भरायला आलेल्या चाळीतल्या शेवंतीशी बोलू लागली. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. खोलीची भाडेपावती अजून धोंडूच्या नावावर. कायद्याने ती रखमाच्या नावावर व्हायला हवी होती, पण मुलगा राजेश म्हणत होता, की तू ना-हरकत सही कर, मी माझ्या नावावर करतो, आणि तू गावी जाऊन राहा. गावी तिचं कुणीच उरलं नव्हतं. राजेशला देवळात जाते म्हणून सांगून ती इथे आली होती. सही न करता खोली राहील का, एवढंच तिला विचारायचं होतं.

तेवढ्यात कादंबरीची नजर गेली. म्हातारीला बसावं लागतंय हे बघून तिलाच ओशाळल्यासारखं झालं असावं. तिने तिला हाताला धरून टॅबपुढे नेलं. रखमाने घराच्या चित्रावर बोट ठेवलं. गोड आवाजाने नंबर विचारला.

"माका फोन नाय गो बाय," रखमा म्हणाली. "झिलाचो नंबर पाठ आसा. सगळीकडे तोच दितंय. तोच घाल."

गॅसला तोच, रेशनला तोच, बँकेतही तोच. आपल्या इथल्या कितीतरी घरांत आईचा नंबर म्हणजे मुलाचाच नंबर असतो. त्यात रखमालाही काही वावगं वाटलं नाही आणि कादंबरीलाही नाही. कादंबरीने हसत तो घातला. यंत्राने भांडण कशावरून ते विचारलं होतं, कोणाशी ते विचारलंच नव्हतं. ते रखमाखेरीज फक्त मला आणि शेवंतीला ठाऊक होतं, आणि शेवंती हंडा भरून निघून गेली होती.

खोटं कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता जिरणार याची, असं वाटलं. त्या आनंदात रखमाचं काय होईल हा विचार माझ्या डोक्यात जरा उशिराच आला.

रखमा पुन्हा आली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. इकडे टॅबवर तिच्या नावापुढे हिरवी खूण उमटली. 'तुमचं काम झालं का?' असं यंत्राने मोबाईलवर विचारलं होतं आणि उत्तर आलं होतं, 'हो'. कादंबरी खूश. काम झालेल्यांची संख्या वाढत होती आणि अर्जात ती घालायची होती.

अर्ज पाठवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी एकच रकाना उरला होता, मदत मिळालेल्या एका व्यक्तीचे दोन शब्द. कादंबरीने रखमाला निवडलं. म्हातारी बाई आणि नवं तंत्रज्ञान, वाचणाऱ्याला आवडेल असं तिला वाटलं. मनमोहन वकील त्या दिवशी आले होते. त्यांनाही ऐकू यावं म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. राजेशने उचलला.

"आईशी कशाला बोलायचंय, मॅडम?" तो म्हणाला. "मेसेज मला आला, 'हो' पण मीच टाकलं. घरातली गोष्ट आहे, आम्ही बघू ना. आज सहा वाजता बिल्डरच्या ऑफिसात ती खोली माझ्या नावावर करायची सही करतेय. झालं मग."

फोन ठेवून कादंबरी बोळात आली आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसली. मनमोहन वकील काठी टेकत तिच्या मागे आले. तिने सांगितलं, की अर्जही सहालाच बंद होतो, अजून निम्मे कागद जोडायचे आहेत, आणि ती हिरवी खूण खरी नाही. अशा किती खुणा खोट्या असतील तेही आता सांगता येत नाही.

"अनुदान पुढच्या वर्षी मागता येईल," वकील म्हणाले. "त्या बाईने सही केली, की ती परत मागता येणार नाही. ऊठ."

ती उठली. संगणक तसाच उघडा टाकून समोरच्या गल्लीत धावली. पुढचं मी पाहिलं नाही, पण रखमा चपला न घालताच तिच्याबरोबर आली आणि घाम पुसत माझ्यावर बसली. वकील गुडघे सांभाळत शेजारी बसले. त्यांनी सावकाश समजावलं, की नवऱ्याबरोबर तू त्याच खोलीत राहत होतीस, त्यामुळे पावतीवर पहिला हक्क तुझा आहे, आणि तुझ्या मर्जीशिवाय कुणाला तुझी सही घेता येणार नाही. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

थोड्याच वेळात राजेश आला. चांगला शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला मुलगा, पण रागाने लाल झालेला. चारचौघांत घरची अब्रू काढली, असं तो आईला बोलला. मला वाटलं, आता ही उठते आणि जाते त्याच्यामागे. इतकी वर्षं किती आया तशा उठून गेलेल्या मी पाहिल्यात. रखमाने हात लांब करून माझी कड घट्ट धरली.

"माझ्या माघारी खोली तुझीच रे," ती म्हणाली. "पण मी अजून आसंय मा?"

राजेश उभाच राहिला. मग तो माझ्या दुसऱ्या टोकाला बसला. त्या दिवशी सही झाली नाही. पुढे पावती रखमाच्या नावावर झाली, आणि ती त्याच मुलाबरोबर त्याच घरात राहिली. सगळं गोडीगुलाबीने झालं असं मी म्हणणार नाही, पण तिला गावी कुणी पाठवलं नाही.

अर्जाची मुदत मात्र गेली. टॅब खोक्यात भरून परत पाठवला. त्याला दारातून नेताना मी डोळे भरून पाहून घेतलं. मला परत खिडकीशी आणलं आणि तो संबंध हिवाळा मी राजासारखा काढला. कादंबरीने आलेल्या प्रत्येक नंबरावर फोन करून पाहिले. निम्म्याहून जास्त बायकांनी नवऱ्याचा, दिराचा नाहीतर मुलाचा नंबर दिला होता, आणि त्यातल्या कितीतरी जणींचं भांडण त्याच माणसाशी होतं. मग ती रोज चहाचा कप घेऊन माझ्या टोकाला बसू लागली. मला वाटलं, जिंकलो.

कसला जिंकलो! पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. या वेळी स्वतःची चूक सगळ्यात वर लिहिली, आणि अनुदान मिळालं. टॅब परत आला, कायमचा. फरक इतकाच, की आता तो आधी विचारतो, भांडण कोणाशी आहे? हा नंबर तुमचाच आहे का? त्यावर आलेला निरोप आणखी कोण वाचतं? आणि कुणी अडखळलं, की तोच गोड आवाज म्हणतो, 'बाकावर बसा, ताई येतील.' लोक येतात, बसतात. पण येतात ते त्याने सांगितलं म्हणून, हे मला अजून डाचतं.

परवा रखमा आली होती. तिच्या हातात बटणांचा छोटा फोन होता, राजेशनेच घेऊन दिलेला. नव्या घराच्या कराराबद्दल तिला काही विचारायचं होतं. मी म्हटलं, येईल, बसेल, दोन गोष्टी सांगेल. ती सरळ टॅबपुढे गेली. नंबर तुमचाच का, असं त्याने विचारल्यावर तिने 'हो' वर बोट दाबलं, चांगलं जोर लावून, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. वाईट वाटलं मला. वाटणारच.

मित्रांनो, तुमच्या घरी आजी असेल, तर तिचा स्वतःचा नंबर आहे का, ते आज विचारा. नसेल, तर कुणाच्याही कानावर न जाता तिला चार शब्द बोलता येतील अशी एखादी जागा तरी ठेवा. ती जागा मीच असलो पाहिजे असा माझा हट्ट नाही. नाही, हे काही खरं नाही. मीच असावं, असं मला वाटतं.