तटस्थ रुचिका आणि मी

मित्रांनो, कपाटावर पोचा आलेला पृथ्वीगोल दिसतो ना, तोच मी. भंडारा-गोंदिया वेगळे झाले, त्या वर्षी मी भंडाऱ्यातल्या शहापूरजवळच्या या शाळेत आलो. मुलं माझ्यावर नवा जिल्हा शोधायची. अरे बाबांनो, अख्खा महाराष्ट्रच माझ्यावर नखाएवढा, त्यात गोंदिया कुठून दाखवू?

या वर्गातली रुचिका मला रोज ओढणीने पुसायची. माझा तिच्यावर फार जीव!

एकदा टेकचंद सरांनी इतिहासाच्या तासाला देशांचा खेळ मांडला. अंकुर आणि नीलेश मोठे देश, रुचिका नवं राष्ट्र. पहिल्या डावात अंकुरनेच तिला स्वातंत्र्य मिळवून दिलं. दुसऱ्या डावात त्याची नीलेशशी लढाई जुंपली.

"रुचिका, आता माह्या बाजूनं ये," अंकुर म्हणाला.

"मी कोनाच्याच बाजूनं नाही. मले आधी माहा देश सांभाळू दे."

"शाब्बास!" सर म्हणाले. "नव्या देशानं परक्यांच्या लढाईत पडू नये. याला तटस्थ राहणं म्हणतात."

अंकुरचं तोंड एवढंसं झालं, पण खेळच तो. मलाही पोरीचं कौतुक वाटलं.

मधल्या सुट्टीत नीलेशने मला डोक्यावर उचललं. "सारी पृथ्वी माही!"

"ठेव ना बे, फुटन तो!" अंकुर मला धरायला धावला. नीलेशने चिडून हात सोडले. मी फरशीवर आदळलो, आस वाकला, पोटात हा पोचा आला. रुचिका दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने सगळं पाहिलं.

"कोनं पाडला?" सरांनी विचारलं.

"अंकुरनं!" नीलेश बिनदिक्कत म्हणाला.

"रुचिका, तू तं पाहून राह्यली होती ना! सांग ना सरले!" अंकुर म्हणाला.

रुचिकाने मान खाली घातली. "मी तं तटस्थ, सर."

वर्ग खो-खो हसला. माझ्या मात्र काळजात कळ गेली. भंडाऱ्याच्या प्रदर्शनात मला घेऊन अंकुर जाणार होता. सरांनी त्यालाच दोषी धरून त्याचं नाव कापलं, आणि गेला कोण? नीलेश! अंकुर पुन्हा माझ्याजवळ फिरकला नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या भांडणात खुशाल पडू नका. पण डोळ्यांदेखत घडलेलं सांगायची वेळ आली, की मूग गिळून बसण्याला तटस्थपणा म्हणू नका. तो दगाच असतो.

दुसऱ्या दिवशी रुचिका ओढणी घेऊन आली. पोच्यावरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "लय दुखते का रे?"

मला वाचा असती तर म्हणालो असतो, "मले काहून इचारतेस, पोरी? जा, अंकुरले इचार."