गारवा घातलेली होडी

साविया आजींनी पिवळ्या चिकट भाताचा घास केला आणि होडीतल्या पहिल्या माणसाच्या तोंडात घातला. मग दुसऱ्याच्या. मग एका बाईच्या, मग तिच्या कडेवरच्या लेकराच्या. पानांच्या जुडीने तांदळाच्या पिठाचं पाणी शिंपडत त्या पुढच्या टोकाच्या नाळेपासून निघाल्या आणि पार मागच्या इंजिनापर्यंत पोचल्या. इंजिनालाही त्यांनी थोडा भात चिकटवला, तेव्हा कुठे मुखिया मरहाबान मांडीभर पाण्यातून धडपडत आला.

"अहो आजी, गारवा ओढणाऱ्या होडीला घालायचा होता. ओढायच्या होडीला नाही."

"दोन्ही एकाच दोराला बांधल्यात ना?"

"बांधल्यात, पण..."

"मग दोरावर कुठं थांबायचं ते आधी सांगायचं."

पुढच्या होडीत सुकाणूपाशी तांडेल बुस्तामाम खाली बघत बसला होता. गारव्याचा, या शिंपण्या-भरवण्याच्या आशीर्वादाचा, हट्ट त्याचाच. या किनाऱ्यावर नव्या होडीला गारवा घालतात, नव्या मोटारसायकलला घालतात, हजहून आलेल्याला, बुडता बुडता वाचलेल्याला, भांडण मिटवून एका ताटात जेवायला बसलेल्या भावांना घालतात. त्याशिवाय एवढं ओझं समुद्रात न्यायला तो तयार नव्हता. आजी म्हातारपणाने जरा पुढे गेल्या, एवढंच.

"राहू द्या," मुखिया म्हणाला. "थोडं पाणी जास्तीचं पडलं म्हणून काय बिघडतंय."

मागची होडी रोहिंग्यांची होती. रविवारी सकाळी ती आली तेव्हा तिच्यात शेवयांची खोकी रचलेली होती आणि खोक्यांवर पश्चिमेच्या शेजारच्या गावाचा शिक्का होता. म्हणजे शेजाऱ्यांनी दोन दिवस खाऊ घातलं होतं, इंजिनाला फडकं मारलं होतं आणि 'अल्ला तुमचं भलं करो' म्हणून पूर्वेकडे ढकलून दिलं होतं. गावातल्या पोरांनी तालुक्याच्या गावाहून 'परत जा' असं लिहिलेला फलक छापून आणला. छापणाऱ्याने स्वस्तात पडावा म्हणून तो लग्नाच्या जुन्या फलकाच्या पाठीवर छापला होता. वारा सुटला की फलक उलटायचा, आणि गुलाबाच्या फुलांत बसलेले नवरा-नवरी होडीकडे बघून हसायचे. होडीतल्या लोकांनी त्यांना हात केले.

सोमवारी चावडीवर सभा भरली. पहिला प्रश्न, सरकारचं धोरण काय? मुखियाने जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तो मशिदीच्या ध्वनिक्षेपकाला टेकवला. साहेबांचा आवाज नारळीच्या झाडांवरून फिरला. घ्या असा आदेश नाही. घेऊ नका असाही आदेश नाही. माणुसकी आणि कायदा, दोन्हींचा मान राखून गावाने आपल्या शहाणपणाने ठरवावं. आणि काय ठरलं ते कृपया लेखी कळवू नये.

"बघा," कॉफीवाला मुनावर म्हणाला, "सरकारला धोरण नाही असं नाही. धोरण आपण आहोत."

मग दिवसभर वाद झाला. मागच्या खेपेला आलेल्यांना गावाने तीन महिने शाळेत ठेवलं होतं. तांदूळ येईल, तंबू येतील, असं कचेरी म्हणाली होती. आला तो एक छायाचित्रकार. पोरं नारळाच्या झाडाखाली शिकली, आणि एके दिवशी पाहुणे दलालाच्या ट्रकमध्ये बसून निघून गेले, निरोपसुद्धा न घेता. हे खोटं नव्हतं. आणि त्सुनामीच्या मोठ्या लाटेनंतर मदत घेऊन जगभरची जहाजं या किनाऱ्याला लागली होती, तेव्हा कुणी कुणाला कागद मागितला नव्हता, हेही खोटं नव्हतं. दोन्ही बाजू खऱ्या असल्यामुळे सभा काही संपेना.

"परत पाठवायचं म्हणता," साविया आजी मागून म्हणाल्या, "पण परत म्हणजे कुठं? जिथून आले तिथं त्यांना मारतात. मधे सगळं पाणी."

"आजी, परत म्हणजे पूर्वेला," मुखिया म्हणाला. "पुढच्या जिल्ह्याला."

"ते तर पुढं झालं."

लोक हसले. मुखियाही हसला. पण अडचण वेगळीच होती. या किनाऱ्याची रूढी अशी, की संकटातली होडी दिसली तर तिला किनाऱ्याला आणायचंच. शत्रूची असो, नाहीतर नुसती प्रेतं असोत. त्यावर मुखियाने तोड काढली. इंजिन दुरुस्त केलं की ती संकटातली होडी राहत नाही, प्रवासातली होते. बर्फाच्या कारखान्यातला जुना पंप आणून बसवण्यात आला. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि होडी उलटी पळत येऊन मुखियाच्या नव्या चपलांवर, वाळूत, रुतून बसली. मंगळवारी दुपारपर्यंत तिला सरळ चालायला शिकवलं. तरी खोकत होती. म्हणून मग ओढून नेऊ, मानाने, असं ठरलं.

ओढायचं कुणी? बुस्तामामचं इंजिन नवं होतं. शिवाय दोन दिवसांत तो एक शब्द बोलला नव्हता.

"बुस्तामाम कुणाच्याच बाजूचा नाही," मुखिया म्हणाला. "अशा कामाला असाच माणूस लागतो."

यावर तो एवढंच म्हणाला, "आधी गारवा घाला." म्हणजे कबूल, असं धरलं गेलं.

भात खाऊन झाला आणि दुपारच्या उतरत्या नमाजानंतर दोन्ही होड्या खाडीच्या तोंडातून बाहेर पडल्या. सगळं गाव किनाऱ्यावर होतं. दर्यासारंग हसबल्ला, ज्यांचा शब्द पाण्यावर शेवटचा, तेसुद्धा आपल्या पडवीत उभे होते. वादात ते पडले नव्हते. जमिनीवरची गोष्ट मुखियाची, असं ते म्हणाले होते.

सांजेच्या अजानीला बुस्तामाम परत आला.

"पूर्वेला?" मुखियाने विचारलं.

"पूर्वेला. पुढच्या जिल्ह्याचे दिवे दिसेपर्यंत."

"शाबास."

आणि सगळे नमाजाला गेले.

बुधवारी मुनावरच्या दुकानात त्याला कॉफी फुकट मिळाली, तेव्हा त्याने पुन्हा सांगितलं. दिवे दिसत होते, मशिदीचा हिरवा दिवाही दिसत होता. दुसऱ्या कपाला किनाऱ्यावर माणसं होती. गुरुवारी त्या माणसांनी कंदील हलवले, आणि एक जण तर हाक मारत होता. ऐकणारे मान हलवत होते, कुणी मधे काही विचारत नव्हतं. दिवे लागण्याआधी दिवे कसे दिसले, दोन तासांची वाट जाऊन येऊन तासा-दोन तासांत कशी संपली, असलं काही विचारण्याची या गावात पद्धत नाही. फक्त मुनावरने एकदा, कप विसळता विसळता, म्हटलं, "दोर पण द्यावा लागला असेल ना त्यांना. चांगला होता तो."

"नाही," बुस्तामाम म्हणाला. "मी हाताने खूण केली. पिवळ्या सदऱ्याचा एक माणूस होता, त्याने गाठ सोडली. नीट गुंडाळला आणि माझ्याकडे फेकला. हसून सलाम केला."

दिवे वाढत होते, माणसं वाढत होती, पण एवढा भाग प्रत्येक वेळी शब्दाला शब्द तोच असायचा.

घरी तो जेवायला बसला की घास हातात धरून थांबायचा. बायको, रुहामा, म्हणाली, "मासा शिळा आहे का?"

"नाही."

"मग खा की. दर्यात तर तू परवा होतास. अजून हालतोयस."

तो खरंच हालत होता. बसल्या बसल्या, पुढे-मागे, होडीत बसल्यासारखा. त्याने भिंतीला पाठ टेकवली. थोड्या वेळाने भिंतीला टेकूनच हालायला लागला.

मुखियाचा मावसभाऊ पुढच्या जिल्ह्यात राहायचा. गुरुवारी मुखियाने त्याला फोन केला. मावसभाऊ म्हणाला, इकडे कुणी आलं नाही. मुखियाला हायसं वाटलं. आली नाही, म्हणजे त्यांच्याही पुढे गेली. पुढे दुसरा जिल्हा आहे, त्याच्या पुढे तिसरा. गावं शेवयांची खोकी देत राहतील, आणि होडी अशी पुढे पुढे जात कुठेतरी जाईलच. नकाशात किनारा कुठे संपत नाही, तो नुसता वळतो. हे त्याने मुनावरच्या दुकानात समजावून सांगितलं, तेव्हा सगळ्यांना पटलं. निदान कुणी नाही म्हटलं नाही.

शुक्रवारी मोठा नमाज झाला. शुक्रवारी या किनाऱ्यावर मासेमारी बंद, त्यामुळे सगळे तांडेल एकाच छपराखाली होते. लोक चपला शोधायला उठले, तेवढ्यात दर्यासारंग हसबल्ला उभे राहिले.

"एक होडी आपल्या किनाऱ्यावरून मंगळवारी गेली. तीन सूर्यास्त झाले. तिची खबर नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाची होडी खाडीत बांधलेली होती.

"कुणाची होडी, सारंगकाका?" मुखियाने विचारलं.

"आपली."

"आपल्या तर सगळ्या इथंच आहेत."

"जिला आपल्या पाण्यात गारवा मिळाला, ती आपल्या किनाऱ्याची होडी. हे मी नाही ठरवलं. माझ्या आज्याच्या आधीचं आहे."

मुखियाने टोपी काढली, पुन्हा घातली. "काका, ती चूक होती. आजी पुढे गेल्या. कामकाजातली चूक. सभेने ठराव केला तर गारवा मागे घेता येईल."

"भात खाल्लाय त्यांनी, मरहाबान. तो कसा मागे घेणार?"

मुखियाने तिथल्या तिथे कचेरीला फोन लावला. या वेळी ध्वनिक्षेपकाला टेकवला नाही, तरी शांततेत सगळ्यांनी ऐकलं. रूढीच्या बाबतीत सरकार हस्तक्षेप करत नाही, साहेब म्हणाले. आणि जेवणाच्या वेळेला फोन करत जाऊ नका.

"आपली होडी तीन सूर्यास्त गप्प असेल," सारंग म्हणाले, "तर दर्या बंद. ती सापडेपर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही, सगळ्यांनी शोधायला जायचं. शोधायला शुक्रवार चालतो. आत्ताच निघू. ज्याने शेवटचं पाहिलं, त्याने पुढे राहायचं."

बाहेर पायरीवर बुस्तामामला चपला सापडत नव्हत्या. त्या त्याच्या पायातच होत्या.

खाडीत अकरा होड्या सुटल्या. पोरांनी पाण्याचे डबे चढवले, बायकांनी भात बांधून दिला, फार दिला, खोदकामाला माणसं निघाल्यासारखा. साविया आजी पाण्यात कमरेपर्यंत येऊन प्रत्येक होडीला हात लावत होत्या. बुस्तामामच्या होडीत पुढे सारंग बसले, त्याच्याकडे पाठ करून. मधे मुखिया, अनवाणी.

"पुढच्या जिल्ह्याचे दिवे," मुखिया कुणालातरी बजावल्यासारखा म्हणाला, "म्हणजे इथून सरळ पूर्वेला. किनारा धरून. दोन तास."

"हो," बुस्तामाम म्हणाला.



वाऱ्यापेक्षा इंजिनाचाच आवाज जास्त होता. खाडीचं तोंड जवळ आलं. उजवीकडे किनारा, नारळी, मग शेजारच्या गावांची पांढरी घुमटं एकामागून एक, पूर्वेपर्यंत. समोर उत्तरेला काहीच नाही. त्या बाजूला काळं पाणी, तिथून कोणताच जिल्हा दिसत नाही. मंगळवारी तिथे लाटा अचानक वाढल्या होत्या. मागच्या होडीचं ओझं दोराला हिसके देत होतं, नवं इंजिन तापून धूर सोडत होतं, आणि किनाऱ्यावरची माणसं अजून ओळखू येत होती, तेव्हाच त्याने दोर सोडायची खूण केली होती.

तोंडापाशी त्याने वेग कमी केला. त्याचा हात सुकाणूवर होता. उजवीकडे वळलं तर दोन तास सगळे शोधतील, काही सापडणार नाही, मग म्हणतील पुढे गेली असेल. तो शब्द गावाने आधीच मान्य केला होता. त्याला फक्त हात थोडा ओढायचा होता.

त्याने हात हलवला नाही. होडी पाण्यावर तशीच डुलत राहिली.

"काय झालं?" मुखियाने विचारलं.

मागून मुनावरच्या भावाची होडी आली. आता हा ओरडून विचारणार, कुठल्या बाजूला, असं वाटून बुस्तामामने मान खाली घातली. होडी जवळून गेली. कुणी ओरडलं नाही. मग दुसरी गेली, तिसरी गेली. त्याने वर पाहिलं. खाडीच्या तोंडातून बाहेर पडणारी प्रत्येक होडी, त्याची वाट न बघता, एकमेकींना काही न विचारता, नाळ उत्तरेकडे वळवत होती. तांडेल समोर बघत होते. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

मुखिया त्या होड्यांकडे बघत राहिला. मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघायला लागला.

"चल," सारंग मागे न वळता म्हणाले. "वाट तू दाखवायची ठरली होती."