गोणीमागचा खर्च

मित्रांनो, शेणव्याहून शहापूरकडे निघालात की गाव संपता संपता डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. तिच्यात भात भरडण्याची एक जुनी गिरणी उभी आहे. तीच मी. आता माझा पट्टा उतरवून ठेवला आहे आणि तोंडावर गोणपाट टाकले आहे. तरीही माझी हकिगत ऐकण्यासारखी आहे, असे मला वाटते.

माझे अंग एका ओतशाळेत ओतीव लोखंडाचे घडले. पोटात एक फिरता रूळ, त्याच्याखाली भोकांची जाळी, वर भात ओतायचे तोंड, एवढाच माझा संसार. १९९१ साली सदानंदभाऊंनी मला विकत घेतले. ते ज्या कारखान्यात कामाला होते तो बंद पडला होता आणि हाती आलेली पुंजी त्यांनी माझ्यात घातली. मला चालवायला गावातल्याच भिमाला ठेवले. भिमा मला रोज पुसून, ग्रीस घालून मगच सुरू करी.

दिवाळीनंतर माझ्यापुढे गर्दी होई. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचे. एक खर्डीचा व्यापारी. तो टेम्पो भरून एकाच जातीचे भात आणी, आणि मी सकाळी सुरू झाले की दुपारपर्यंत थांबत नसे. दुसऱ्या आसपासच्या पाड्यांवरच्या बाया. कुणाची अर्धी गोणी, कुणाची त्याहून थोडी जास्त. सावळी त्यांतलीच. डोक्यावर भात घेऊन ती रानवाटेने येई. कुणाचे भात झिनी जातीचे असे, कुणाचे कोळपी जातीचे. एकीचे भात भरडून झाले की भिमा मला थांबवी, पोटात अडकलेले दाणे काढी, दाण्याप्रमाणे जाळी बदली आणि मग पुढचीचे भात ओती. आपल्या तांदळात दुसरीची कणी आलेली कुणालाच चालत नसे.

सदानंदभाऊंचा हिशोब सरळ होता. भिमाचा पगार, शेडचे भाडे, विजेचे बिल, ग्रीस, पट्टे, जाळ्या, सगळ्याची बेरीज करायची आणि जितक्या गोण्या भरडल्या तितक्यांनी तिला भागायचे. आला तो गोणीमागचा खर्च. त्यावर थोडा नफा धरून सगळ्यांना एकच दर. लोक म्हणत, भाऊ सर्वांना सारखे वागवतात. मलाही त्याचा अभिमान वाटे.

काही वर्षांनी शहापूरला नवी गिरणी निघाली आणि व्यापाऱ्याने दर कमी मागितला. भाऊंनी त्याला चहा पाजला, गोणीमागचा खर्च सांगितला आणि याच्याखाली उतरलो तर खिशातून घालावे लागेल, असे म्हणाले. व्यापारी भांडला नाही. पुढच्या आठवड्यापासून त्याचा टेम्पो माझ्या दारावरून सरळ शहापूरला जाऊ लागला.

भाऊंना वाटले होते, त्याच्या गोण्या गेल्या तर तेवढा खर्चही जाईल. तसे झाले नाही. भिमाचा पगार तोच, भाडे तेच. तो खर्च आता थोड्याच गोण्यांवर पडला आणि गोणीमागचा आकडा वाढला. म्हणून भाऊंनी दर वाढवला. दर वाढला तशा काही बाया यायच्या थांबल्या. गोण्या आणखी कमी झाल्या, आकडा आणखी वर गेला. भाऊ पुन्हा पुन्हा बेरीज तपासत. बेरीज बरोबरच असे.

होळीच्या सुमारास आटगावचा भंगारवाला मला बघायला आला. त्याने माझ्या अंगावर हातोडी आपटली, मनाशी वजन धरले आणि कळवतो म्हणून निघून गेला. भिमा तेवढा वेळ शेडच्या बाहेर उभा होता. त्या दिवशी मला प्रथमच कळले, की बिघाड नसतानाही यंत्र मोडीत जाऊ शकते.

भाऊंची मुलगी श्वेता मुरबाडच्या एका कारखान्यात हिशोब विभागात नोकरीला होती. वेगवेगळ्या मालावर कारखान्याचा खर्च कसा बसवायचा, हे तिथे तिचे काम. गिरणी विकण्याआधी एक रविवार मला द्या, असे तिने वडिलांना सांगितले.

त्या रविवारी ती स्टूल घेऊन माझ्याजवळ बसली. मी कधी चालते, कधी थांबते, आणि थांबले की भिमा काय करतो, एवढेच ती पाहत राहिली. संध्याकाळी तिने पत्र्यावर खडूने तीन रकाने आखले. एक भरडण्याचा, दुसरा साफ करून जाळी बदलण्याचा, तिसरा वजन आणि देण्याघेण्याचा. भिमाचा पगार आणि माझा बाकीचा खर्च तिने ज्या कामाला लागला त्या रकान्यात टाकला. मधला रकाना सर्वांत मोठा निघाला.

"बाबा, गोणीमुळं खर्च होत नाय," ती म्हणाली. "कामामुळं होतो. व्यापाऱ्याच्या टेम्पोभर गोण्यांना भिमादादा एकदाच जाळी बदलायचा. इथं अर्ध्या गोणीला एकदा. आणि आपण गोणीमागं सगळ्यांवर सारखाच खर्च टाकला."

भाऊंनी बोट ठेवून तिन्ही रकाने पुन्हा वाचले. ज्याला परवडत नाही म्हणून जाऊ दिले, त्याचेच काम सर्वांत कमी खर्चाचे होते. इतकी वर्षे त्याच्या गोण्या छोट्या गोण्यांचा भार उचलत होत्या आणि ते कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी श्वेता कामाला गेल्यावर भाऊंनी तिला न विचारताच दारावर पाटी लावली. मोठ्या मालाला दर कमी, एका गोणीहून कमी भाताला दुप्पट. त्यानंतर पाड्यांवरून कुणीच आले नाही. मी नुसती उभी राहिले.

मग एका सकाळी सावळी आली. सोबत शेजारची बाईजा होती. डोक्यावरचे भात खाली न ठेवताच सावळीने विचारले, "भाऊ, भात तोच, गिरण तीच. मंग आमालाच दुप्पट का रे?"

भाऊंनी माझे झाकण उघडून तिला आत अडकलेले दाणे दाखवले. दर वेळी हे काढण्यात आणि जाळी बदलण्यात किती वेळ जातो, ते समजावले. सावळीने नीट ऐकून घेतले. पाड्यावर उखळ आहे, पण सगळे भात कांडत बसले तर मजुरीचा दिवस बुडतो, असे तिने सांगितले. मग तिनेच विचारले,

"आमच्या पाड्यावर समद्यांची झिनीच हाय. आमी साऱ्याजणी एकाच दिशी आलो, तर किती वेळा साफ करशील?"

"एकदा," भाऊ म्हणाले.

"मंग दर एकदाचाच लाव."

बाईजाला ते पटले नाही. तिचे भात कडक वाळलेले असे, म्हणून भरडताना त्याची कणी कमी होई. दुसऱ्यांच्या दमट भाताची कणी तिने आपल्या सुपात का घ्यावी? तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेवटी ठरले, की सोमवारी सगळ्यांनी मिळून यायचे, एकत्र ओतण्याआधी प्रत्येकीचा दाणा दाताखाली फोडून पाहायचा, दमट असेल ते भात परत न्यायचे आणि तांदूळ जिच्या तिच्या भाताच्या वजनाप्रमाणे वाटायचा. बाईजा नाखुशीनेच हो म्हणाली. पहिल्या सोमवारी जे भात परत गेले, ते सावळीचेच होते. तिने ते गुमान डोक्यावर घेतले, घरी नेऊन वाळवले आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आणले.

हळूहळू झिनीचा सोमवार पक्का झाला, कोळपीचा दुसरा वार ठरला. दुप्पट दराची पाटी उतरली. भाऊ खर्डीला जाऊन व्यापाऱ्याला भेटले. त्याचा सगळा माल परतला नाही, पण बराचसा आला. भंगारवाल्याला भाऊंनी नको म्हणून कळवले.

पुढे एकदा गावातली धोंडाबाई आली; सगळे तिला आत्या म्हणत. ती एकटीच राहत असे. तिच्याकडे लाल तांदळाचे थोडे भात होते. ते आता दुसरे कुणी लावत नसे, त्यामुळे ते कुणाच्याच वारात बसेना. तिच्यासाठी मला आधीही साफ करावे लागणार होते आणि नंतरही. श्वेताने हळूच वडिलांना सांगितले, की आत्याकडून आपण जे घेतो त्याहून जास्त खर्च होतो.

"ठाऊक हाय मला," भाऊ म्हणाले. "आधी न कळता सोसत होतो. आता कळून सोसतो. आत्याचा दर वाढवायचा नाय."

श्वेताने उठून धोंडाबाईच्या पिशवीची गाठ सोडली.

त्यानंतरही मी बरीच वर्षे चालले. २००६ साली भाऊंनी रबरी रुळांची नवी गिरणी बसवली. तिच्यात कणी कमी होते आणि तिची स्तुती होते, ते योग्यच आहे. भिमा आता तिच्याकडे पाहतो. माझी जाळी गंजली आहे, आणि माझ्याकडे वळून पाहायला कुणाला सवड नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राला कधीतरी तेलाचा हात लावा, एवढी माझी विनंती आहे. आणि कुणाला महाग किंवा बिनकामाचे ठरवायची वेळ आली, तर आधी थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. त्याच्यासाठी कोणकोणती कामे करावी लागतात, ते डोळ्यांनी पाहा. हिशोब नीट मांडला तर भार कुठून येतो ते कळते. तो कुणी उचलायचा, हे मात्र तुम्हालाच ठरवावे लागेल.