डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको

दवाखान्याच्या मागच्या खोलीत नर्सबाई गल्लीतल्या पोरांच्या आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवत होत्या. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

"चाखून बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या."

"त्याची चव कुणाला आठवतेय?" शिवणवाली म्हणाली. "रडा बघू कुणीतरी!"

झालं! कुणी तोंड वाकडं केलं, कुणी स्वतःलाच चिमटा काढला. रडू काही येईना, हसू मात्र आवरेना.

कोपऱ्यात नातवाला घेऊन हेडबाई बसल्या होत्या. शाळेशी संबंध नाही, पण गल्लीत सगळ्यांना धाकात ठेवायच्या म्हणून हे नाव. सुनेवर नजर ठेवायला आल्या होत्या.

"पोराला जुलाब लागले की पाणी बंद करायचं," त्यांनी ठणकावलं. "वरून ओतता म्हणून खालून जातं."

"आजी, टाकी गळते म्हणून भरायचीच नाही, तर ती कोरडी पडेल ना?" नर्सबाई म्हणाल्या.

हेडबाई पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात शिवणवालीने असं काही भोकाड पसरलं, की त्याही खो खो हसत सुटल्या. गालांवर पाणी ओघळलं. सुनेने भान विसरून ते बोटाने टिपलं आणि चाटलं, मग वाटीतलं मीठ-साखरेचं पाणी चाखलं.

सगळ्यांच्या नजरा हेडबाईंकडे वळल्या.

"आई... वाटीतलं पाणी बरोबर झालंय," सून पुटपुटली.

"आगाऊ कुठली!" म्हणत हेडबाईंनी वाटी ओढली आणि स्वतः चाखून पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात नातवाचं पोट बिघडलं. सून धास्तावून स्वयंपाकघरात गेली, तर सासूबाई साबणाने हात धूत होत्या. पाणी उकळून ठेवलेलं.

"बघत काय राहिलीस? अंगावर पाज त्याला. मग मी चमचा घेते."

पोराने एकदा सगळं ओकून टाकलं. थोडं थांबून त्यांनी पुन्हा चमचा चमचा पाजायला सुरुवात केली. दुपार झाली तरी त्याने शू केली नव्हती. शू झाली नाही, डोळे खोल गेले किंवा शीतून रक्त पडलं तर थेट दवाखाना, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. दोघी घाईने निघाल्या, आणि दारातच त्याने आजीला चिंब भिजवलं.

"केली! केली गं लबाडाने!" हेडबाई गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या.

तरीही त्या दवाखान्यात गेल्याच. नर्सबाईंनी पोराला तपासलं, झिंकच्या गोळ्या दिल्या.

"आजी, कपडे तरी बदलून यायचं."

"वा! मग पुरावा काय दाखवला असता?"