शेजारणीच्या दाराचं कुलूप

इमारतीच्या भिंती पातळ असल्या की शेजारच्या घरातलं सगळं ऐकू येतं, आणि ऐकू आलं की आपण न्याय करायला बसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचं तेच झालं.

त्यांची शेजारीण लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. घरात ती आणि तिची भ्रमिष्ट झालेली म्हातारी आई. सकाळी कामाला निघताना शेजारीण बाहेरून कुलूप लावायची. मग दिवसभर आतून दार वाजत राहायचं.

मास्तरीणबाईंचा जीव तुटायचा. त्या वर्गात मुलांना आईवडिलांच्या सेवेचे धडे द्यायच्या, आणि इथे भिंतीपलीकडे हे! त्यांनी जिन्यात दोघीतिघींना सांगितलं, त्यांनी तिखटमीठ लावून पुढे. शेवटी इमारतीच्या बैठकीत त्या सर्वांदेखत शेजारणीला म्हणाल्या, "जनावरालासुद्धा कुणी असं कोंडत नाही."

दुसऱ्या दिवसापासून शेजारणीच्या दाराचं कुलूप गेलं. आईला हात जोडून विनवायचं, दार नुसतं लोटून घ्यायचं आणि कामाला पळायचं, असं सुरू झालं. बैठकीत माना डोलावणाऱ्यांपैकी एकजणही त्या म्हातारीजवळ घटकाभर बसायला गेला नाही. मास्तरीणबाईही नाहीत. त्यांना पेपर तपासायचे होते.

आठवडा उलटायच्या आत म्हातारी जिना उतरून रस्त्यावर आली आणि टेम्पोखाली सापडली. जागच्या जागी गेली.

अंत्ययात्रेला सगळी इमारत लोटली. तिथेही तीच तोंडं कुजबुजत होती, दार उघडं टाकून गेलीच कशी म्हणून.

मास्तरीणबाईंच्याही मनाला डाचत होतं. संध्याकाळी त्यांनी परगावी भावाकडे फोन लावला; त्यांची आई तिथेच राहायची. वहिनीने उचलला. सगळी हकिकत सांगून त्या म्हणाल्या, की कुणी बाई ठेवायची, रजा काढायची, मनात असतं तर मार्ग निघाला असता.

वहिनी म्हणाली, "वन्सं, आईंच्या खोलीला आम्हीपण बाहेरून कडी लावतो."

मास्तरीणबाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"त्या गॅस सोडून ठेवतात, अंधारात बाहेर पडतात. तुमच्या भावाने सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, वय झालं की होतंच तसं. तुम्ही फोनवर विचारता, आई बरी आहे ना, आणि आम्ही हो म्हणतो. कडी लावताना माझा हात उचलत नाही, वन्सं. तुमच्या शेजारणीचाही उचलत नसेल. तिला एकदा तरी विचारलंत, की बाई, तू झोपतेस कधी?"

फोन ठेवून मास्तरीणबाई तशाच शेजारी गेल्या. शेजारीण आईचे कपडे घडी करून पिशवीत भरत होती. त्यांनी माफी मागितली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कुलूप लावलं तेव्हा मी राक्षसीण होते," ती म्हणाली, "आणि काढलं तेव्हाही मीच. तुम्ही मन हलकं करायला आलात, पण माझ्याकडे आणखी काही ठेवायला जागा नाही हो."

मास्तरीणबाईंनी रजा टाकली, भावाकडे गेल्या आणि वहिनीला जबरदस्तीने चार दिवस विसाव्याला माहेरी पाठवलं. आईने त्यांना ओळखलं नाही. अंघोळ घालताना हाताला चावली, ताट भिरकावलं, दोनदा फाटकाबाहेर पळाली. दुसऱ्यांदा धरून आणल्यावर मास्तरीणबाई तिच्यावर ओरडल्या, तिला खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मग तिथेच जमिनीवर बसून त्या हमसाहमशी रडल्या.

वाचकहो, दुसऱ्याच्या घरातलं दुःख भिंतीपलीकडून नुसता गुन्हा वाटतं. बोट दाखवण्याआधी ते दार वाजवा, आत जा, तिथलं ओझं थोडा वेळ आपल्या खांद्यावर घ्या आणि आपल्या घरात काय चाललंय तेही आठवा. त्यानंतरही बोलायचं उरलं, तर खुशाल बोला. बहुधा उरत नाही.